आय-टू-सी बसच्या ड्रायव्हर-लेखनाचा इतिहास : प्रतीक्षेच्या प्रश्नाच्या अनुषंगाने एक अभ्यास

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांच्या, कंपन्यांच्या आणि संस्थापकांच्या अंगाने झाले आहे. एका चिपने दुसऱ्या चिपशी बोलावे म्हणून जी शे-दीडशे ओळींची आज्ञावली लिहावी लागते, तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. ही आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. ती दिसत नाही, तिला स्वतंत्र नाव नसते, आणि ती बिघडेपर्यंत तिची आठवणही होत नाही. विद्युत-अणुविद्या विभागातील अध्यापकांनी ती प्रयोगशाळेत शेकडो वेळा लिहून घेतलेली असते. इतर विभागांतील अध्यापकांच्या घरातील दूरदर्शन संच, वीजमीटर आणि लॅपटॉप यांत ती रोज चालत असते.

प्रस्तुत लेखात आय-टू-सी या दोन तारांच्या बसचा विचार केला आहे. बस म्हणजे अनेक चिप्सनी सामायिकपणे वापरावयाची वाहिनी. मायक्रोकंट्रोलर या वाहिनीवरून स्मृती-चिप, घड्याळ-चिप, तापमापक इत्यादींशी माहितीची देवघेव करतो. या बसचे नियम प्रसिद्ध आहेत आणि पाठ्यपुस्तकांत ते आकृत्यांसह दिलेले असतात. परंतु एक प्रश्न त्या नियमांनी दीर्घकाळ मोकळा ठेवला : समोरच्याने उत्तर दिले नाही तर किती वेळ थांबावयाचे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ड्रायव्हर-लेखकाला स्वतःच्या जबाबदारीवर द्यावे लागले. बसच्या ड्रायव्हर-लेखनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या उत्तरांचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आइंडहोव्हन येथील दोन तारा

ही बस नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीत जन्मली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शन संचात मायक्रोकंट्रोलर शिरला होता. वाहिनी बदलणे, आवाज कमी-अधिक करणे, दूरनियंत्रकाच्या आज्ञा समजून घेणे ही कामे पूर्वी बटणांनी आणि फिरत्या खुंट्यांनी होत, ती आता चिपकडे आली. प्रत्येक चिपला स्वतंत्र तारा ओढल्यास पाटीवरील तारांचे जंजाळ वाढे आणि चिपचे पायही वाढत. संच हजारोंनी बनवावयाचा असल्याने एकेका पायाचा खर्च मोजला जाई. त्याआधी फिलिप्समध्ये सी-बस नावाची तीन तारांची पद्धत वापरात होती. तिची स्मृती नव्या बसमध्ये एका पत्त्याच्या रूपाने टिकून राहिली. सात बिटांचा ००००००१ हा पत्ता आजही सी-बससाठी राखीव म्हणूनच नोंदलेला आहे.

दोन तारांच्या पद्धतीच्या पेटंटवर मूलांड्स आणि स्खुट्टे या दोन संशोधकांची नावे आहेत. मूळ डच अर्ज १९८० चा असून अमेरिकन पेटंट १९८७ मध्ये मंजूर झाले. बस १९८२ पासून वापरात आली. एक तार माहितीची, तिला एसडीए म्हणतात. दुसरी घड्याळाच्या ठोक्यांची, तिला एससीएल म्हणतात. दोन्ही तारा रोधामार्फत वरच्या विद्युतदाबाला बांधलेल्या असतात. कोणतीही चिप तार खाली ओढू शकते, वर मात्र कोणीच ढकलत नाही. सर्वांनी हात काढला की ती आपोआप वर जाते. त्यामुळे एकाने ० आणि दुसऱ्याने १ पाठविला तर तारेवर ० दिसतो आणि कोणाचेही नुकसान होत नाही. दोन मुख्य चिप्सनी एकाच वेळी बोलणे सुरू केले तर ज्याला आपला १ तारेवर ० दिसतो तो निमूटपणे माघार घेतो. या व्यवस्थेला लवाद म्हणतात. लवादाचा निकाल लागतो आणि जिंकणाऱ्याला आपल्याशी कोणी स्पर्धा करीत होते हे कळतदेखील नाही. अभियांत्रिकीतील सौजन्याचा इतका स्वच्छ नमुना विरळाच.

सौजन्याचा दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. ठोके देण्याचे काम मुख्य चिपचे, ज्याला मूळ परिभाषेत मास्टर म्हणत. पण ऐकणारी चिप, म्हणजे स्लेव्ह, संथ असू शकते. तिला विचार करण्यास वेळ हवा असेल तर ती एससीएल तार खाली धरून ठेवू शकते. मास्टरने तार सोडली तरी ती वर जात नाही, आणि ती वर जाईपर्यंत मास्टरने थांबावे असा नियम आहे. याला आपण घड्याळ रोखून धरणे म्हणू. एका क्षणी एक बिट, प्रत्येक आठ बिटांनंतर ऐकणाऱ्याकडून एका बिटाची पोच, आणि वेळ लागत असेल तर थांबण्याची मुभा, असा हा संवाद आहे.

किती वेळ थांबावे, याला वरची मर्यादा नव्हती. ठोक्याची किमान लांबी होती : १०० किलोबिट गतीला एससीएल निदान ४.७ मायक्रोसेकंद खाली आणि निदान ४.० मायक्रोसेकंद वर असली पाहिजे. कमाल लांबी दिलेली नव्हती. दूरदर्शन संचातील सर्व चिप्स एकाच कंपनीच्या, एकाच पाटीवर आणि एकाच अभियंत्याच्या नजरेखाली होत्या, हे लक्षात घेतले तर ही उदारता समजण्यासारखी आहे. घरातल्या घरात कोणी मुदत लिहून घेत नाही.

८०५१ आणि हाताने दिलेले ठोके

बस फिलिप्सच्या घराबाहेर पडली ती मुख्यतः ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या सोबतीने. इंटेलने ही चिप १९८० मध्ये आणली. तिच्यात १२८ बाइट तात्पुरती स्मृती आणि ४ किलोबाइट कायम स्मृती होती. मूळ ८०५१ मध्ये आय-टू-सीसाठी कोणतीही स्वतंत्र यंत्रणा नव्हती. तथापि तिच्या दोन गुणांमुळे ती या कामास योग्य ठरली. पहिला गुण असा की एकेक बिट स्वतंत्रपणे उचलण्याच्या व टाकण्याच्या आज्ञा तिच्यात होत्या. दुसरा गुण असा की तिच्या बहुतेक पायांवर १ लिहिला की पाय जोराने वर ढकलला न जाता दुबळ्या रोधाने वर टेकतो, आणि बाहेरच्या चिपला तो सहज खाली ओढता येतो. दोन तारांना नेमका असाच पाय हवा होता.

मग ड्रायव्हर म्हणजे काय? एसडीए सोडा, एससीएल सोडा, एसडीए खाली ओढा : संवाद सुरू झाला. एससीएल खाली ओढा, एसडीएवर बिट ठेवा, एससीएल सोडा, थांबा, पुन्हा खाली ओढा : एक बिट गेला. असे आठ वेळा करा, नवव्या वेळी एसडीए सोडून पोच वाचा. १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर ८०५१ ची साधी आज्ञा एक मायक्रोसेकंद घेते, म्हणून ४.७ मायक्रोसेकंदांसाठी काहीच न करणाऱ्या चार-पाच आज्ञा ओळीने लिहिल्या जात. एका बाइटचे नऊ ठोके पाठविण्यास कितीही घाई केली तरी ९० मायक्रोसेकंदांहून अधिक काळ लागे, आणि त्या काळात मायक्रोकंट्रोलरला दुसरे काही करता येत नसे. घड्याळाच्या लंबकाला हातानेच ढकलत बसावे, तसा हा प्रकार होता.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अभियांत्रिकी आणि विज्ञान अभ्यासक्रमांत ८०५१ चे स्थान दीर्घकाळ अढळ राहिले. त्यामुळे आपल्याकडील हजारो विद्यार्थ्यांची या बसशी पहिली ओळख हाताने दिलेल्या ठोक्यांतूनच झाली. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा स्फटिक, २५६ बाइटची २४सी०२ ही स्मृती-चिप आणि डीएस१३०७ ही घड्याळ-चिप हे त्रिकूट कोणत्याही प्रयोगवहीत सापडेल. या शिक्षणपद्धतीला नावे ठेवण्याची आज प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. तयार यंत्रणेवर शिकलेल्या विद्यार्थ्यापेक्षा हाताने ठोके दिलेल्या विद्यार्थ्याला बिघाडाची जागा लवकर सापडते, असा अध्यापनाचा अनुभव आहे.

मात्र याच हस्तलेखनात प्रतीक्षेचा प्रश्न प्रथम उभा राहिला आणि त्याची दोन चुकीची उत्तरे रूढ झाली. पहिल्या पंथाचे लेखक एससीएल सोडल्यावर ती खरोखर वर गेली की नाही हे पाहतच नसत. ते ठरलेला काळ थांबून पुढे जात. साध्या स्मृती-चिप घड्याळ रोखून धरीत नाहीत, त्यामुळे असा ड्रायव्हर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. समोर दुसरा मायक्रोकंट्रोलर ऐकणारा म्हणून आला, की हाच ड्रायव्हर बिट गमावू लागतो. दुसऱ्या पंथाचे लेखक नियमाचे पक्के. ते एससीएल वर जाईपर्यंत एकाच ओळीत फिरत राहत. ८०५१ च्या भाषेत ही ओळ एका आज्ञेची असते : तार खाली आहे तोवर याच ओळीवर परत ये. नियमाला धरून असलेली हीच ओळ, तार कायमची खाली राहिली तर, सबंध यंत्र थांबविते. एकाने मुळीच थांबावयाचे नाही असे ठरविले, दुसऱ्याने अनंतकाळ थांबावयाचे असे ठरविले. फेऱ्या मोजणारा एक गणक त्या ओळीत घालावा आणि मर्यादा ओलांडली की चूक म्हणून परत फिरावे, हे तिसरे उत्तर अवघड नव्हते. परंतु त्यासाठी ड्रायव्हरने काहीतरी परत द्यावे लागते, आणि त्याला बोलावणाऱ्या आज्ञावलीने ते वाचावे लागते. प्रयोगवह्यांतील बहुतेक ड्रायव्हर काहीच परत देत नाहीत. पोचेचा बिट वाचला जातो आणि टाकून दिला जातो. टपालखात्याची पोच न उघडता रद्दीत घालावी तसा.

सव्वीस अवस्था आणि त्यांची वंशावळ

फिलिप्सने स्वतःच्या ८०५१ कुळातील चिप्समध्ये ही यंत्रणा लवकरच सिलिकॉनमध्ये उतरविली. ८०सी५५२ आणि ८०सी६५२ या चिप्समध्ये ठोके देणे, पोच घेणे, लवाद सांभाळणे ही कामे स्वतंत्र विभाग करू लागला. एक घटना घडली की तो इंटरप्ट देई आणि एका नोंदस्थानात त्या घटनेचा क्रमांक ठेवी. अशा एकूण सव्वीस अवस्था ठरविल्या होत्या. षोडशमान पद्धतीत ०८ म्हणजे संवाद सुरू झाला, १८ म्हणजे पत्ता पाठविला आणि पोच मिळाली, २० म्हणजे पत्ता पाठविला पण पोच मिळाली नाही, ३८ म्हणजे लवादात हार झाली. प्रत्येक क्रमांकाचे शेवटचे तीन बिट शून्य असत. यामागे विचार होता. क्रमांक आठ-आठच्या अंतराने येत असल्याने तो थेट उडीच्या पत्त्याचा भाग म्हणून वापरता येई, आणि प्रत्येक अवस्थेसाठी आठ बाइटांची छोटी आज्ञावली तक्त्यासारखी मांडता येई.

ड्रायव्हर-लेखनाचे स्वरूप येथे मुळापासून बदलले. पूर्वी लेखक कथा सांगे : आधी हे, मग ते. आता त्याला अवस्थांचा तक्ता भरावा लागला : हे घडले असेल तर असे करा. कथेत विसरलेला प्रसंग दिसत नाही, तक्त्यात रिकामी राहिलेली जागा दिसते. पोच न मिळणे आणि लवादात हरणे हे आता अपवाद राहिले नाहीत. ते तक्त्यातील रकाने झाले.

या क्रमांकांची पुढील वाटचाल इतिहासकाराला मोठी बोधप्रद वाटेल. अ‍ॅटमेल कंपनीने आपल्या एटीमेगा चिप्समध्ये हीच बस घेतली, पण नाव 'द्वि-तार' असे दिले. फिलिप्सचे नाव कोठेही नाही. परंतु त्यांच्या अवस्थादर्शक नोंदस्थानात ०८, १८, २०, ३८ हेच क्रमांक त्याच अर्थाने येतात. फिलिप्सच्या एआरएमवर आधारित एलपीसी२१०० कुळातही तेच आहेत. पोथ्यांच्या पाठचिकित्सेत समान खुणांवरून दोन हस्तलिखितांचा एकच मूळ आदर्श ओळखतात. येथेही तसेच करता येते. अ‍ॅटमेलने मात्र एक भर घातली. शून्य असलेल्या शेवटच्या तीन बिटांपैकी दोन बिट त्यांनी ठोक्यांची गती ठरविण्यासाठी वापरले. त्यामुळे अवस्था वाचताना खालचे तीन बिट झाकून घ्यावे लागतात. जुना ड्रायव्हर जसाच्या तसा नव्या चिपवर आणणारा विद्यार्थी हे झाकणे विसरतो, आणि गती बदलेपर्यंत त्याची आज्ञावली बरोबर चालते.

अडकलेली बस

प्रतीक्षेचा प्रश्न सिलिकॉनने सोडविला नाही. फक्त त्याची जागा बदलली. त्याचे सर्वांत त्रासदायक रूप असे. मायक्रोकंट्रोलर स्मृती-चिपमधून एक बाइट वाचीत आहे. चौथ्या बिटावर चिपने एसडीए खाली धरली आहे, कारण तो बिट ० आहे. नेमक्या त्या क्षणी विद्युतदाब किंचित घसरतो किंवा पहारा देणारा कालमापक मायक्रोकंट्रोलरला पुन्हा सुरू करतो. मायक्रोकंट्रोलर नव्याने जागा होतो. त्याला मागचे काही आठवत नाही. स्मृती-चिपचा विद्युतपुरवठा मात्र खंडित झालेला नाही, तिला सर्व आठवते. ती पुढच्या ठोक्याची वाट पाहात एसडीए खाली धरून बसली आहे. मायक्रोकंट्रोलर पाहतो तर तार खाली, म्हणजे बस दुसऱ्या कोणाच्या ताब्यात. तो ती मोकळी होण्याची वाट पाहतो. दोघेही नियमाप्रमाणे वागत आहेत आणि दोघेही परस्परांच्या वाटेकडे डोळे लावून कायमचे बसले आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या विभागात एका प्रकल्पात असे घडले होते. शेतातील पंपाजवळ बसविलेली तापमान-आर्द्रता नोंदणीची पेटी पंप सुरू होताना अधूनमधून गप्प होई. विद्यार्थी गावी जाऊन पेटीची वीज बंद करून पुन्हा चालू करीत आणि ती सुरळीत चाले. विभागात आणली की ती कधीही बिघडत नसे. तीन आठवडे संशय स्मृती-चिपवर होता, आणि ती दोनदा बदलण्यातही आली. दोष चिपचा नव्हता, तारांचाही नव्हता. ड्रायव्हरच्या आरंभी जे करावयास हवे होते ते आम्ही शिकविलेच नव्हते.

उपाय साधा आहे. एसडीए सोडून एससीएलवर जास्तीत जास्त नऊ ठोके द्यावेत. चिप उरलेले बिट बाहेर टाकते, नवव्या ठोक्याला तिला पोच मिळत नाही, ती तार सोडते. मग संवाद संपल्याची खूण द्यावी. अ‍ॅटमेलच्या स्मृती-चिप्सच्या माहितीपत्रकांत स्मृती पूर्ववत करण्याची कृती म्हणून हे दिलेले असे. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीने २००३ मध्ये याच विषयावर स्वतंत्र टिपण काढले. बसच्या अधिकृत नियमपुस्तिकेच्या २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीत बस मोकळी करण्याचे कलम आहे; तोवर फिलिप्सच्या चिप-विभागाचे एनएक्सपी झाले होते. एसडीए अडकल्यास नऊ ठोके द्यावेत असे ते सांगते. एससीएल अडकल्यास काय करावे? अशा वेळी चिप्स पूर्ववत करणाऱ्या स्वतंत्र पायाचा उपयोग करावा, तो नसल्यास वीज बंद करून चालू करावी, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे आमचे विद्यार्थी गावी जाऊन जे करीत होते तेच. लिनक्सच्या गाभ्यात बस पूर्ववत करण्याची सामायिक सोय २०१३ मध्ये आली. बसच्या जन्मापासून तोपर्यंत तीन दशके लोटली होती.

याला एक अपवाद नोंदविला पाहिजे. फिलिप्सच्याच ८७सी७५१ या छोट्या चिपमध्ये बसवर पहारा ठेवणारा खास कालमापक होता. संवाद चालू असताना ठोके फार काळ थांबले तर तो इंटरप्ट देई. म्हणजे जन्मदात्यांना धोक्याची जाणीव होती. त्यांनी ती एका चिपमध्ये घातली, नियमात घातली नाही.

मुदत लिहून घेणारी शाखा

नियमात मुदत घातली ती दुसऱ्यांनी. १९९५ मध्ये इंटेल आणि ड्युरासेल यांनी एसएमबस ही आय-टू-सीवर आधारलेली बस जाहीर केली. उद्देश होता लॅपटॉपची बॅटरी. बॅटरी किती भरली आहे, ती किती तापली आहे, हे तिने स्वतः सांगावे आणि यजमान संगणकाने ऐकावे. बॅटरी एका कंपनीची, संगणक दुसऱ्या कंपनीचा. शिवाय ती चालू स्थितीत काढली-घातली जाणार. घरातला व्यवहार संपून बाजारातला व्यवहार सुरू झाला होता. म्हणून एसएमबसने गतीची खालची मर्यादा १० किलोहर्ट्झ ठेवली, आणि एससीएल २५ ते ३५ मिलिसेकंदांहून अधिक काळ खाली राहिली तर संवाद मोडला असे समजून सर्वांनी पूर्वस्थितीला यावे असा दंडक घातला.

एवढ्या एका कलमाने ड्रायव्हर-लेखकाच्या डोक्यावरचे ओझे बरेच हलके झाले. त्याबरोबर एक सोयही गेली. आय-टू-सीमध्ये आज्ञावली मध्येच थांबवून, चहा पिऊन येऊन, पुढची आज्ञा चालविली तरी संवाद पुढे सरकतो. एसएमबसवर पस्तीस मिलिसेकंदांत तो मोडतो. शिकण्यासाठी पहिली बरी, विकण्यासाठी दुसरी.

विचारण्यानेही बिघडते

लिनक्सवर आय-टू-सीचा आधार उभारण्याचे आरंभीचे काम सायमन फोगल यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केले. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीच्या गाभ्यात तो समाविष्ट होता. त्याची विभागणी मार्मिक होती. तारा हलविणारा भाग वेगळा, ठोक्यांची पद्धत वेगळी, आणि विशिष्ट चिपची भाषा जाणणारा भाग वेगळा. तापमापकाचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला तारा कोणत्या पायांवर आहेत हे ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

परंतु बसवर कोणती चिप बसविली आहे हे कसे कळणार? आय-टू-सीमध्ये चिपने आपली ओळख सांगण्याची सोय नाही. म्हणून प्रत्येक पत्त्यावर हाक मारून पोच येते का ते पाहण्याची रीत पडली. संगणकाचे तापमान व पंख्यांची गती दाखविणारी एलएम-सेन्सर्स ही आज्ञावली हेच करीत असे. या हाकेचा सर्वांत छोटा प्रकार म्हणजे लेखनाच्या खुणेसह पत्ता पाठविणे आणि काहीही न लिहिता संवाद संपविणे. कागदोपत्री ही कृती निरुपद्रवी होती.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपवर या हाकांचा परिणाम भयंकर झाला. त्यांत २४आरएफ०८ ही स्मृती-चिप होती आणि तिच्यात संगणक सुरू होण्यास आवश्यक असलेली माहिती साठविलेली असे. अशा हाकांनी तिच्या अंतर्गत तर्काचा गोंधळ होऊन मजकूर बिघडे आणि संगणक पुन्हा सुरूच होत नसे. तो दुरुस्तीलाच पाठवावा लागे. वापरणाऱ्याने केवळ तापमान विचारले होते. त्यानंतर एका ड्रायव्हरमध्ये आयबीएमचा संगणक ओळखून कामच नाकारण्याची तरतूद करण्यात आली. पत्ते धुंडाळणाऱ्या आज्ञावलीत स्मृती-चिप्सच्या पत्त्यांवर लेखनाऐवजी वाचनाची हाक मारण्याची पद्धत आली. लिनक्सच्या गाभ्यातही या चिपचे नाव घेऊन एक संरक्षक ओळ घालण्यात आली.

चूक कोणाची? चिपने नियमातील एक कडेची जागा नीट हाताळली नव्हती, हे खरे. पण ठाऊक नसलेल्या दारावर हाक मारण्याचा अधिकार ड्रायव्हरला कोणी दिला होता, हाही प्रश्न आहे. २००७ पासून लिनक्समध्ये उलट दिशेने वाटचाल सुरू झाली. कोणत्या पत्त्यावर कोणती चिप आहे हे पाटी बनविणाऱ्याने आधीच लिहून द्यावे आणि ड्रायव्हरने त्यावर विश्वास ठेवावा, अशी नवी रीत आली. यादीबाहेर हाका मारणे हा अपवाद ठरला. प्रस्तुत लेखकाला ही सुधारणा अवस्थायंत्रापेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण तिने ड्रायव्हरचे काम वाढविले नाही, कमी केले.

अलीकडील काळ

फिलिप्स-एनएक्सपीचा परवाना-शुल्काचा आग्रह २००६ मध्ये संपला आणि बस खऱ्या अर्थाने सर्वांची झाली. त्याच वर्षी लिहिलेला आर्डुइनोचा 'वायर' हा संच आज जगातील सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या ड्रायव्हरांपैकी एक असावा. त्याच्या पोटात अवस्थांचा तोच सव्वीस-क्रमांकी तक्ता आहे. आणि त्याच्या पोटात अनंतकाळ फिरणाऱ्या ओळीही होत्या. बस अडकली की आर्डुइनो थांबे. २०२० मध्ये कालमर्यादा ठरविण्याची सोय आली, पण एटीमेगावर ती आरंभी बंद ठेवलेली असून वापरणाऱ्याने ती मागून घ्यावी लागते. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायच्या चिपमध्ये याच्या नेमका उलट दोष आढळला. ऐकणाऱ्याने घड्याळ रोखून धरले तर ते तिच्या यंत्रणेकडून नीट ओळखले जात नाही आणि ठोका तुटका पडतो. ८०५१ वरचे दोन पंथ तीस वर्षांनंतर एकेका लोकप्रिय पाटीवर असे पुन्हा भेटतात. रास्पबेरी पायवर यातून सुटण्यासाठी अनेकांनी सिलिकॉनमधील यंत्रणा बाजूला ठेवली आणि पायांवर हातानेच ठोके देणारा ड्रायव्हर पुन्हा स्वीकारला.

नियमपुस्तिकेच्या २०२१ मधील सातव्या आवृत्तीने मास्टर आणि स्लेव्ह हे शब्द टाकून नियंत्रक आणि लक्ष्य या अर्थाचे शब्द घेतले. प्रतीक्षेच्या बाबतीत मात्र तिने काही बदलले नाही. तो बदल वारसदाराने केला. एमआयपीआय या उद्योगसंघाने आखलेल्या आय-थ्री-सी बसची मूलभूत आवृत्ती २०१८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तीतही दोनच तारा आहेत, पण ठोक्यांची तार नियंत्रक स्वतः वर ढकलतो आणि लक्ष्य-चिपला ती रोखून धरण्याची मुभा नाही. तिला काही सांगावयाचे असेल तर त्याच तारांवरून नियंत्रकाकडे लक्ष वेधण्याची वेगळी सोय तिला दिलेली आहे. जुन्या आय-टू-सी चिप्सनाही या वाहिनीवर जागा आहे, मात्र घड्याळ रोखून न धरण्याच्या अटीवर.